तीन मिनिटांत न मावलेलं वऱ्हाड

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'पहिली तबकडी' हा विषय धरला आणि माझ्या वाट्याला अमेरिकेतलं कंट्री म्युझिक आलं. फिडल आणि बँजोवरचं डोंगरी खेड्यांतलं गाणं 1920 च्या दशकात तबकडीवर कसं चढलं, ही गोष्ट रंजक आहे. पण वाचता वाचता वाटायला लागलं की हाच प्रश्न वऱ्हाडाला विचारून पाहावा. इथं कापसाचा पैसा होता, आगगाडी होती आणि गाणं तर पोत्यांनी होतं. मग इथलं गावचं गाणं पहिल्यांदा यंत्रात कुणी भरलं, आणि कशासाठी? पोळ्याच्या सुमारास नांदगाव खंडेश्वर गाठलं ते याच्यासाठी.

तोरणाखाली

बडनेरा मागं टाकून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की नांदगाव येतं. दोन्ही हातांना सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. टेकाडावर खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ. तालुक्याच्या पोटातून आता समृद्धी महामार्ग गेलाय. जवळच्याच एका खेड्यात पोळा पाहायला थांबलो. ट्रॅक्टरांनी बैल कमी केले, तरी तोरणाखाली उभ्या राहिलेल्या जोड्यांच्या शिंगांना बेगड होती आणि पाठीवर झुली होत्या.

वऱ्हाडातल्या पोळ्याची खरी मजा झडत्यांत असते. एकजण पुढं होतो आणि खड्या आवाजात यमकाला यमक जुळवत चार ओळी फेकतो. त्यात महादेव-पार्वती असतात, कापसाचा भाव असतो, नवं घर बांधणाऱ्या पुढाऱ्याला चिमटाही असतो. झडती संपली की सगळी पांढरी महादेवाचा गजर करते. लगेच दुसऱ्या टोकाहून उत्तर येतं. त्या दिवशी एकानं पीकविम्यावर झडती टाकली आणि ज्याच्यावर टाकली तो समोरच उभा होता. हसण्यात शेवटची ओळ बुडून गेली. बाजूला पोट्टे मोबाइल धरून उभे होते. झडती टाकणारा तिकडं पाहतही नव्हता. त्याचं सगळं लक्ष समोरच्या फळीवर, उत्तर कुणाकडून येतं यावर.

संध्याकाळी एका ओसरीवर ऐंशीच्या पलीकडचे एक काकाजी भेटले. त्यांच्या घरात एकेकाळी चाबीचा बाजा होता.

"आमच्या बुढ्याच्या वक्ताचा," ते म्हणाले. "कापूस इकला का अमरावतीहून एखांदी रेकाड येये. लगनसराईत तं मंडपात बाजा ठेवत. पोट्टे भोंग्यात डोकं घालून पाहेत, का मानूस कुठं बसला हाय."

"काय वाजायचं त्याच्यावर?"

"नाटकाचे पदं. भजनं. एक लावनी व्हती, थे बायाइच्या समोर लावत नोते."

"आणि इथलं? दंडार, डहाका, झडत्या?"

काकाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी विहिरीकाठी बसून पाणी विकत कुठं मिळतं ते विचारतोय. "इथलं कायले इकत घ्याचं, भाऊ? थे तं आपन सोताच म्हनो."

उत्तर एकदम पटण्यासारखं आहे, पण पुरतं बरोबर नाही. ते का, ते अटलांटातल्या एका फर्निचरच्या दुकानात कळतं.

फर्निचरवाल्याचा हट्ट

जॉर्जिया राज्यातली माणसंही आपलं गाणं स्वतःच म्हणत होती. घराच्या पडवीत फिडल वाजत होतं, चर्चमध्ये भजनं चालत होती, वादकांच्या स्पर्धा भरत होत्या. ते विकत घेण्याजोगं आहे असं न्यूयॉर्कच्या कंपन्यांना वाटत नव्हतं. 1922 च्या उन्हाळ्यात एक रॉबर्टसन नावाचा टेक्सासचा फिडलवाला आपण होऊन न्यूयॉर्कला गेला, व्हिक्टर कंपनीच्या दारात उभा राहिला आणि वाजवून आला. कंपनीनं मुद्रण केलं, पण त्या मालाची घाई काही केली नाही.

घाई केली अटलांटाच्या पोल्क ब्रॉकमननं. त्याच्या घराण्याचं फर्निचरचं दुकान होतं. फोनोग्राफ तेव्हा लाकडी कपाटात बसवलेला असे, म्हणून तो पलंग-टेबलांच्या ओळीत विकला जाई आणि तबकड्याही तिथंच मिळत. गिऱ्हाईक काय मागतं, काय उचलून परत ठेवतं हे ब्रॉकमन रोज पाहत होता. 1923 च्या जूनमध्ये ओके कंपनीचा राल्फ पीअर यंत्रसामग्री घेऊन अटलांटात आला, तेव्हा ब्रॉकमननं फिडलिन जॉन कार्सन या गावोगावच्या स्पर्धा गाजवणाऱ्या वादकाला पुढं केलं. पीअरला तो आवाज मुळीच आवडला नाही. ब्रॉकमननं मात्र 500 प्रती स्वतः मागवल्या. कंपनीनं त्या क्रमांकसुद्धा न घालता काढून दिल्या आणि त्या हातोहात खपल्या. मग पीअरचं मत बदललं.

पुढं 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये हाच पीअर, आता व्हिक्टरसाठी, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात टोप्यांच्या कंपनीच्या एका रिकाम्या इमारतीत उतरला. भिंतींना गोधड्या टांगल्या आणि जेमतेम दोन आठवड्यांत 19 कलाकारांची 76 मुद्रणं केली. तबकड्यांवर गाणाऱ्याला किती पैसे मिळतात हे स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं आणि डोंगरातून माणसं वाट काढत आली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स, म्हणजे कंट्री म्युझिकचे पुढचे आधारस्तंभ, तिथं पहिल्यांदा गायले.

या गोष्टीत खेड्याचं गाणं थोर आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. पीअरला तर ते आवडतही नव्हतं. एका दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक माहीत होतं, एवढाच काय तो चमत्कार. काकाजींच्या अमरावतीला तबकडी विकणारा होता. नांदगावच्या माणसाला कुणाचा आवाज ऐकायचाय हे कंपनीला जाऊन सांगणारा कुणी नव्हता.

भोंगा, लाख आणि नाटक

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग 1902 च्या अखेरीस कलकत्त्यात उतरला. त्याची स्वारी मुलूखगिरीच होती. कुठलं शहर, तिथं नावाजलेलं कोण, उतरायला हॉटेल आहे का, माल विकणारा आहे का, एवढं पाहून काम चाले. त्या नोव्हेंबरात गौहरजान गायली आणि गाणं संपताच तिनं इंग्रजीत स्वतःचं नाव उच्चारलं. त्यामागं व्यवहार होता. मेणाच्या मूळ तबकड्या जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथं त्यांच्यावरून माल निघे. तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा संपला.

मराठीत कंपन्यांना आयतं सापडलं ते नाटक. बालगंधर्व, केशवराव भोसले, पुढं मास्टर दीनानाथ. नाव आधीच गाजलेलं, पदं लोकांच्या ओठांवर, आणि जाहिरात करायला नाटक कंपनी स्वतः गावोगाव फिरतेय. वऱ्हाड-नागपूरचा दौरा म्हणजे नाटकवाल्यांची सुगी. पीक बाजारात जाऊन हातात रोकडा आला की तिकिटं खपत. नाटक पाहिलेला देशमुख घरी पदाची तबकडी आणे, तबकडी ऐकलेला पुढच्या दौऱ्याला नाटक पाहायला जाई. मैफलीचं गाणंही आलं. पुण्याच्या सुंदराबाई जाधवांनी लावणी आणि गझल तबकडीवर आणली आणि ती घराघरांत पोचवली. पण ती लावणी बैठकीची होती. माळावर, टेंभ्याच्या उजेडात, रात्रभर चालणारी नव्हे.

रात्रभर चालणारं यंत्रात मावतच नव्हतं. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन, फार तर साडेतीन मिनिटांची. गोंधळात देवतांना आवतण देता देताच याच्यापेक्षा जास्त वेळ जातो. डहाक्यावर देवाची कथा लावणारा तर रात्र सरेपर्यंत थांबत नाही. दुसरी अडचण भोंग्याची. 1925 मध्ये विजेवरचा मायक्रोफोन येईपर्यंत सगळं मुद्रण भोंग्यातून होई. गाणाऱ्यानं तोंड भोंग्यात घालायचं, तान वर चढली की मान मागं घ्यायची, साथीदारांनी मोजून अंतरावर बसायचं. मोठ्या आवाजाच्या चर्मवाद्यांची तर धास्तीच असे, कारण एका दणक्यात मेणावरची सुई खाचेबाहेर उडे. संबळ, डफ, ढोल हे आपले उघड्यावरचे गडी. त्यांना त्या खोलीत जागा नव्हती.

हे तांत्रिक कारण खरं आहे, तरी मी त्याला फार वजन देणार नाही. ब्रिस्टलमध्येही तीनच मिनिटं मिळत होती. तिथल्या लांबलचक कथागीतांची कडवी गाळली गेली, गाणाऱ्यांनी घड्याळाकडं पाहत गायला शिकून घेतलं. गरज भासली की गाणं आखूड करता येतं. गरज कुणालातरी भासावी लागते.

यातली एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. ती काळी तबकडी बनायची लाखेपासून. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर वाढतो आणि जगाला लाख पुरवणारा मोठा देश हिंदुस्थानच होता. आपल्या पूर्व विदर्भातही गोंदियाकडं लाखेचा धंदा जुना. त्या लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे बारीक तंतू कालवत. म्हणजे पळस आणि कापूस, दोन्ही तबकडीत गेले. गाणारा तेवढा बाहेर राहिला.

'शीळ', तिघांच्या पिढीत

वऱ्हाड तबकडीवर आलंच नाही असं मात्र नाही. ते आलं, आणि मोठ्या दिमाखात आलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची रानातल्या शिळेची कविता गोविंद जोशी या विदर्भातल्याच तरुणानं चाल लावून गायली आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना हे गाणं टाळून पुढं जाता येत नाही. वकिलीचं शिक्षण घेतलेले हे जोशी 1938 मध्ये एचएमव्हीत रेकॉर्डिंगचे अधिकारी झाले आणि पुढची कित्येक वर्षं कुणाचा आवाज तबकडीवर जायचा हे ठरवणाऱ्यांत राहिले. तेच ते जी. एन. जोशी.

कविता रानाची, कवी वऱ्हाडाचा, गाणारा वऱ्हाडाच्या बाजूचा. तरी हे वऱ्हाडातलं गावचं गाणं म्हणता येईल का? भाषा प्रमाण मराठी, आवाज शिकलेला, चाल बैठकीत शोभणारी. रान दिसतं ते पाहणाऱ्याच्या नजरेनं. मला ते गाणं अतिशय आवडतं, आणि तरीही उत्तर नाही असंच आहे.

गंमत अशी की अमेरिकेतही हेच घडलं. कंट्रीची पहिली अफाट खपलेली तबकडी 1924 मध्ये आली ती व्हर्नन डॅलहार्टची. तो जन्मानं टेक्सासचा, पण न्यूयॉर्कमध्ये ऑपेरा गाणारा. शहरी गळ्यानं खेड्याचं सोंग घेतलं आणि लाखोंनी ते उचललं. फरक पुढं पडला. डॅलहार्टच्या यशानं कंपन्या पिसाटल्या आणि अस्सल माल शोधायला डोंगरात घुसल्या. ब्रिस्टल घडलं ते त्यामुळं. आपल्याकडं भावगीतानं स्वतःचीच वाट धरली. ती सुंदर वाट होती. ती रेडिओकडं, सिनेमाकडं आणि पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्याकडं गेली.

ना. घ. आणि जी. एन. दोघांचाही जन्म 1909 चा. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक नावाचा मुलगा जन्मला. त्यानं खंजिरी हातात घेतली आणि तो तुकडोजी महाराज झाला. एका पिढीतले हे तिघे. एकानं लिहिलं, एकानं तबकडी केली आणि तिसरा तबकडीची वाट न पाहता गावोगाव फिरला.

सरकारची तबकडी

या सगळ्यात आणखी एक जण यंत्र घेऊन फिरत होता. त्याला गाणं विकायचं नव्हतं. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषा पाहणीचा मराठीचा खंड 1905 मध्ये निघाला आणि त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने छापले गेले. पण छापलेल्या बोलीला सूर नसतो. म्हणून 1913 पासून पुढं दीड दशक वेगवेगळ्या प्रांतांत सरकारनं ग्रामोफोन कंपनीकडून बोलींची मुद्रणं करून घेतली. मध्य प्रांताचंही काम त्यात झालं.

रीत ठरलेली होती. बहुतेक ठिकाणी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या बोलीत सांगायची, कारण एकच गोष्ट शंभर तोंडांतून ऐकली की फरक पकडता येतात. सोबत एखादी लोककथा, कुठं कुठं गाणंही. बोलणारे बरेचदा शिकलेले, सरकारच्या ओळखीतले. त्या तबकड्या दुकानात खेड्यातल्या माणसासाठी कधी आल्या नाहीत, त्या लंडनला आणि ग्रंथालयांत गेल्या. आज त्यातली बरीच मुद्रणं संगणकावर बसून ऐकता येतात. ऐकताना खरखरीच्या पलीकडून शंभर वर्षांपूर्वीचा माणूस परक्या गोष्टीतला बाप आणि मुलगा आपल्या गावच्या सुरात उभा करतो. कंपनीनं जे खपेल ते घेतलं, सरकारनं जे वर्गवारीत बसेल ते घेतलं. दोघांचंही काम प्रामाणिक होतं, दोघांच्याही यादीत झडती टाकणारा नव्हता.

तोवर वऱ्हाडात आवाज राखायचं काम लेखणीच करत होती. नांदगाव तालुक्यातल्याच लोणी टाकळीत 1881 मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले, पदं रचली, बायकांसाठी गाणी रचली, ती सगळी सांगून. उतरवून घेणारे दुसरे होते. 1915 मध्ये महाराज गेले तेव्हा कलकत्त्याचा कारखाना चालू होऊन सात वर्षं झाली होती. शब्द राहिले, आवाज नाही. पां. श्रा. गोरे यांचं 'वऱ्हाडी लोकगीते' हे पुस्तक हाती घेतलं की तेच होतं. गाणं पानावर आहे, आणि त्याची चाल माहीत असणारी म्हातारी शोधायला पुन्हा गावातच जावं लागतं.

बाबांचं टेप

तीन मिनिटांचं कुंपण मोडलं ते चुंबकीय फितीनं. टेप आलं आणि माणूस थांबेपर्यंत यंत्र थांबेनासं झालं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 च्या जुलैमध्ये सुरू झालं आणि बोलीला, भजनाला, शेतकऱ्यांच्या गप्पांना प्रथमच रोजचं व्यासपीठ मिळालं. काकाजींच्या गावात ग्रामपंचायतीचा रेडिओ लागला की पारावर माणसं जमत. "आपल्या बोलीत मानूस बोल्ला का आमी म्हनो, आपल्या जिल्ह्यातला दिस्ते," हे त्यांचंच वाक्य.

पण वऱ्हाडी आवाजाचं सर्वात मोलाचं जुनं मुद्रण कोणतं म्हणाल, तर मी गाडगेबाबांच्या कीर्तनाचं नाव घेईन. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईत, वांद्र्याला, पोलिसांसमोर त्यांनी कीर्तन केलं आणि ते टेपवर उतरलं. पुढच्याच महिन्यात, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचं निधन झालं. शेणगावचा हा माणूस उभा जन्म लिहिण्या-छापण्याच्या फंदात पडला नाही. कीर्तनाची कुठली पोथी नाही, रचलेला निरूपणाचा ग्रंथ नाही. जे होतं ते समोरच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नांत होतं.

ते टेप ऐकावं. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा त्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात. माणसं हसतात, एकदम गप्प होतात, मग नामाचा गजर उठतो. लोकांचा आवाज काढून टाकला तर कीर्तन उरतच नाही. हीच रीत झडतीची, दंडारीची, भुलाबाईच्या गाण्यांची. स्टुडिओच्या खोलीत एकट्या गाणाऱ्याला उभं केलं की या गाण्याचा अर्धा भाग दाराबाहेर राहतो. वऱ्हाडाला तबकडी उशिरा मिळाली याचं मला म्हणूनच एवढं दुःख होत नाही. टेप वेळेवर मिळालं आणि तरी आपण ते गावात फार थोडं फिरवलं, याचं होतं.

तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनंही त्यांच्या आवाजात आज मोबाइलवर सापडतात. नांदगावच्या आसपास गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसलो, तेव्हा तिथल्या एका बुवांनी खंजिरीवरचा ठेका दाखवला. तळहात वेगळा, बोटं वेगळी, आणि मनगट हलवून घुंगुरपत्र्यांचा झणत्कार तिसरा. हे कुठं शिकलात, म्हटलं. "बापानं महाराजायले आयकलं व्हतं. म्या बापाले आयकलं. आता पोट्टं यूट्यूबवर आयकते," बुवा म्हणाले, आणि वर हेही की पोराचा हात त्यांच्यापेक्षा साफ आहे.

जातं गेलं, कॅसेट आली

एका घरी आजीला ओवी म्हणायचा आग्रह केला. ती आधी लाजली, मग चिडली. "दयन गिरनीत जाते. आता कायच्यावर म्हनू?" सुनेनं माळ्यावरचं जातं काढायची तयारी दाखवली, ती आजीनं उडवून लावली. थोड्या वेळानं, कोथिंबीर निवडता निवडता, आपसूक चार ओव्या आल्या. भावाची एक, पंढरीची एक, दोन मुलीच्या सासरच्या. मोबाइल बाहेर काढला असता तर त्याही आल्या नसत्या, म्हणून काढला नाही. नातीनं दुसऱ्या दिवशी काढला आणि आजीनं तिच्यासाठी मुकाट म्हटल्या.

ओव्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक अचाट काम झालं आहे. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तीन हजारांवर बाया, हजारावर गावं. 1990 च्या दशकात बेर्नार बेल यांच्या साथीनं त्यांतल्या काहींची ध्वनिमुद्रणं झाली. 'पारी' या संकेतस्थळावर 2017 पासून त्या ऐकता येतात, प्रत्येक ओवीपुढं म्हणणारीचं आणि गावाचं नाव. विक्रीचा माल नाही आणि भाषेचा नुसता नमुनाही नाही. हे काम पुणे जिल्हा आणि मराठवाड्याकडं जास्त झुकलेलं आहे, वऱ्हाडाला तसं कुणी अजून भेटायचं आहे.

वऱ्हाडी बोली लोकप्रिय मुद्रणात ठसठशीतपणे आली ती सिनेमातून. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचं तिफणीचं गाणं 'अरे संसार संसार' या 1981 च्या चित्रपटात आलं आणि पेरणीच्या दिवसांत अजूनही कुठल्यातरी ट्रॅक्टरवर वाजतं. त्याच दशकात कॅसेट आली. कॅसेटनं ब्रॉकमनचं काम शेकडो हातांत दिलं. कोरी कॅसेट, टेपरेकॉर्डर आणि कॉपी करायचं यंत्र एवढ्यावर तालुक्याच्या गावी माणूस कंपनी काढू शकत होता. भीमगीतांनी, पंढरीच्या गाण्यांनी, कव्वालीच्या सामन्यांनी एसटी स्टँडवरचे गाळे भरले. गावोगावच्या भजनी मंडळांनी, दिंड्यांनी, दंडारीच्या संचांनी स्वतःचंच गाणं टेप केलं. काकाजी म्हणाले तसं आपलं गाणं कुणी विकत घेत नव्हतं हे तेव्हा उघडंच खोटं ठरलं. गावच्या मंडळाची कॅसेट गावातच हातोहात जाई.

वऱ्हाडच्या गावच्या गाण्याच्या मुद्रणाचा आरंभ मी तिथंच धरतो, 1902 किंवा 1932 मध्ये नव्हे. आणि तो सगळा साठा आज बुटाच्या खोक्यांत पडला आहे. ज्या ज्या घरी गेलो तिथं एखादं खोकं निघालं. एका कॅसेटवर बॉलपेननं 'भजन' लिहिलेलं, दुसरीवर 'दंडार, भाग 2', तिसरीवर काहीच नाही. कुठल्या गावची, कोणत्या साली, कोण गातंय? घरातल्या थोरल्यांना आवाजावरून माणूस ओळखू येतो. धाकट्यांना नाही.

खोकं उघडण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई भंगारवाल्यासाठी सुगीची असते, म्हणून हे याच अंकात सांगतो. घरात जुन्या कॅसेट किंवा स्पूल निघाले तर ते लगेच जुन्या टेपमध्ये घालून वाजवून पाहू नका. फीत चिकटलेली किंवा बुरशी धरलेली असेल तर पहिल्याच फेरीत ओढली जाऊन तुटते. पांढरी पूड दिसली किंवा आंबूस वास आला तर जाणकाराकडंच द्या. चांगली असेल तर आधी शिसपेन्सिलीनं दोन-चार फेरे हातानं फिरवून सैल करा. यंत्राचं डोकं पुसून घ्या. संगणकावर उतरवताना एमपीथ्रीवर समाधान मानू नका, वेव्ह फाइल करून घ्या, जागा जास्त लागली तरी.

तबकड्या असतील तर त्या उभ्या ठेवा. एकीवर एक रचल्या की खालच्या तडकतात. घासायला स्पिरिट वापरू नका, लाख विरघळते. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जाणत्यांची संस्था आहे, तिच्या लोकांना तबकडीच्या मधल्या कागदाचा फोटो दाखवला तरी बरंच कळतं.

आणि यंत्राला हात लावण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला शेजारी बसवा. आवाज कुणाचा, गाव कोणतं, निमित्त काय होतं, अंदाजे साल कोणतं, मागं वाजतंय ते वाद्य कोणाच्या हातात आहे, हे विचारून त्यांच्याच तोंडून मोबाइलवर टेपून घ्या आणि त्या फाइलसोबत ठेवा. गाणाऱ्यांपैकी कुणी हयात असेल किंवा त्यांची मुलं असतील तर एक प्रत त्यांना द्या आणि इंटरनेटवर चढवायच्या आधी त्यांना विचारा. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट दुकानात सोडून येऊ नका. ती परत आणा, खोक्यावर नाव-गाव लिहा आणि कोरड्या जागी ठेवा.